पंचाच्या घरचं पाणी

मरुगंध सिटी, सीकर रोड, जयपूर
१८ एप्रिल

दादा,

लिहून पाठव म्हणाला होतास, म्हणून लिहिते आहे. त्या दिवशी मी फोनवर ओरडत होते आणि तू पोलीस ठाण्यातल्या आवाजात म्हणालास, "विनू, ओरडलेलं मला ऐकू येत नाही. लिहून दे, लिहिलेलं मी वाचतो." मी फोन आपटला. त्याला सहा वर्षं झाली. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हेसुद्धा मला तुझ्या गंधारकडून कळलं.

माफी मागायला लिहीत नाही. पुण्यात तू इन्स्पेक्टर होतास. शुभंकरनं कॉलेजच्या मारामारीत एकाच्या डोक्यात हेल्मेट घातलं, आणि सख्ख्या मामाच्या ठाण्यात तो दोन रात्री कोठडीत राहिला. मी जामिनासाठी रडत होते. तू म्हणालास, "घाई करू नकोस." तो शब्द मी विसरलेले नाही.

लिहिते आहे ते तुला खिजवायला. पोलीस काढून घेतले तर माणसं आठ दिवसांत एकमेकांना खातील, असं तू म्हणायचास ना? आमच्याकडे दीड वर्ष पोलीस नाहीत आणि आम्ही मजेत आहोत.

जयंतनं निवृत्तीनंतर चौमूंच्या अलीकडे या टाउनशिपमध्ये घर घेतलं, हे तुला माहीत असेल. बिल्डर पळाला, पालिकेनं ताबा घेतला नाही. त्यात कॉलनीच्या मधून दोन ठाण्यांची हद्द जाते. चोरी झाली की एक ठाणं म्हणतं मागची बाजू त्यांची, दुसरं म्हणतं गेट आमच्यात येत नाही. शेवटी लोकांनी आपली आपली व्यवस्था केली. पुढच्या बाजूनं 'ढाल' नावाची सिक्युरिटी एजन्सी नेमली, मागच्यांनी 'प्रहरी'. प्रत्येक घराचा कुणातरी एकीशी करार. एका एजन्सीच्या दोन घरांत भांडण झालं तर एजन्सी मिटवते. दोन वेगळ्या एजन्सींची घरं असतील तर पंच.

पंच म्हणजे आमचा जयंत. का, तर आम्ही इथे कुणाचेच नाही. सभेत दोन्ही बाजूंचे लोक म्हणाले, "मराठी साहब को बिठा दो, इनका यहाँ कोई नहीं।" जयंतला तो मान वाटला. मलाही वाटला.

तीस वर्षं विम्याच्या अपघात विभागात काढलेला माणूस. त्यानं पॉलिसीत असते तशी तालिका केली. बोटाची भरपाई एवढी, डोळ्याची एवढी, हाताची एवढी, जिवाची एवढी. नुकसानीला आकडा मिळाला की माणूस मुठी सोडतो, असं त्याचं म्हणणं. निकाल मानला नाही तर मारहाण करायची नाही, फक्त पाणी बंद. बोअरवेल आणि टाकी कॉलनीची आहे, प्रत्येक घराचा वॉल्व्ह पंपाच्या खोलीत. तो फिरवायचा. गेट त्या घराला उघडत नाही, टँकर जात नाही, दूधवाला जात नाही. इथल्या गावांत हुक्का-पाणी बंद करायची, म्हणजे वाळीत टाकायची, जुनी रीत आहे. शुभंकर म्हणतो, आपण त्यातला हुक्का काढला.

हो, तो इथेच आहे. घरून कंपनीचं काम करतो आणि पुढच्या बाजूच्या समितीचा सेक्रेटरी आहे. गेटचं ॲप त्यानंच बनवलं. "आई, सरकार मतलब काय? एक मोठी एजन्सी, जिला सोडून जाता येत नाही," असं मला जेवताना शिकवतो.

एकदाच जरा वाईट झालं. एक भंगारवाला बंद घरातून नळ काढताना सापडला. दोन्ही एजन्सींच्या माणसांनी मिळून मारला. पुढचे दात पडले, एक डोळा मिटला तो मिटलाच. जयंत म्हणाला, प्रकरण माझ्याकडे आणा. पण त्याचा करार कुणाशीच नव्हता, मग त्याच्या बाजूनं प्रकरण आणणार कोण? त्याला हायवेवर सोडलं. क्लबहाउसची फरशी धुवायला मी फिनेल दिलं.

असो. वहिनीला नमस्कार.

विनया


११ मे

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती.

आमच्या शेजारी प्रणिता राहते, नाशिकची. नवरा गुरुग्रामला असतो, ती सांगानेरला छपाईच्या कपड्याच्या कंपनीत आहे. तिची कीर्ती आठ वर्षांची. गेल्या रविवारी ती सायकलवर होती आणि मागच्या बाजूच्या हेमराजजींचा पाण्याचा टँकर रिव्हर्स येत होता. चाक पायावरून गेलं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हाड बाहेर आलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. इतकं पांढरं असतं हे माहीत नव्हतं.

ड्रायव्हरला लोकांनी खाली ओढला. ढालचे गार्ड, दोन-तीन रहिवासी, एकाच्या हातात क्रिकेटचा स्टंप. प्रहरीचे लोक पळत आले नसते तर तो तिथेच संपला असता. मग ते आणि हे एकमेकांत भिडले. एका गार्डचा कान फाटला. शुभंकर मधे होता. त्याच्या शर्टावर रक्त होतं, पण त्याचं नव्हतं.

जयंतनं दुसऱ्या दिवशी क्लबहाउसमध्ये सुनावणी घेतली. सगळ्यांचं ऐकून निकाल दिला. तालिकेप्रमाणे भरपाई, ड्रायव्हरला कॉलनीत बंदी, आणि हेमराजजींनी गेटवर सगळ्यांसमोर प्रणिताची माफी मागायची. भरपाईला हेमराजजी लगेच हो म्हणाले. माफीला नाही.

"पंचजी, पैसा आज ले लो। औरत के आगे हाथ नहीं जोड़ूँगा।"

"फिर पानी बंद होगा, हेमराजजी."

"करके देख लो।"

मी त्याच रात्री जयंतला म्हटलं, माफीचं सोड, भरपाई घे आणि मिटव. तो म्हणाला, "एकदा निकाल दिला आणि मागे घेतला, तर उद्यापासून मला पंच कोण म्हणेल? माझ्यामागे काही फौज नाही, विनया. शब्दच आहे."

मंगळवारपासून त्यांचं पाणी बंद आहे. वॉल्व्ह फूलसिंहनं फिरवला, ढालचा जुना गार्ड, पूर्वी फौजेत होता. हेमराजजींचे टँकर बाहेर उभे आहेत, त्यांना आत सोडत नाहीत. पाण्याचा व्यापारी आणि घरात थेंब नाही, म्हणून लोक हसतात. काल पारा पंचेचाळीसवर होता. त्यांच्या घरात म्हातारी आई आहे, अंथरुणाला खिळलेली. मी प्रणिताला म्हटलं, दोन बाटल्या देऊन येऊ या का. ती कीर्तीजवळ हॉस्पिटलात बसली होती. माझ्याकडे नुसतं पाहिलं तिनं. मग मीही गेले नाही.

विनया


१९ मे

दादा,

हेमराजची आई गेली. गुरुवारी सकाळी. हद्दीबाहेरून कुणीतरी भिंतीवरून त्यांना पाण्याचे कॅन टाकत होतं, ते शुभंकरच्या समितीनं दोन दिवस आधी थांबवलं होतं. जयंतला ते सांगितलं नव्हतं, असं शुभंकर म्हणतो. जयंतनं विचारलं नव्हतं, असं मी म्हणते.

अंत्ययात्रेसाठी गेट उघडलं. पुढच्या बाजूच्या एकाही घरातून कुणी खांदा द्यायला गेलं नाही. गेलो असतो तर घेतला असता की नाही कोण जाणे.

शुक्रवारी प्रहरीची माणसं पंपाच्या खोलीत शिरली आणि फूलसिंहला धरलं. वॉल्व्ह फिरवायचा लोखंडी पाना तिथेच भिंतीला टांगलेला असतो. दोन्ही हात पाइपवर ठेवून त्या पान्यानं मनगटापासून ठेचले. एकेक बोट. तो ओरडत नव्हता, नावं घेत होता. बायकोचं, मुलीचं, देवाचं. हे मला खालच्या मजल्यावरच्या बाईनं सांगितलं. मला ऐकू आलं नाही, मी मिक्सर लावला होता.

तू हे वाचतोस ना? मग खरं लिहिते. गेल्या पत्रात मी फूलसिंहचं नाव लिहिलं. वॉल्व्ह त्यानं फिरवला नव्हता. तो म्हणाला होता, "भैयाजी, घर में बुढ़िया है, मेरे से नहीं होगा।" तेव्हा शुभंकरनं त्याच्या हातातून पाना घेतला आणि स्वतः फिरवला. मी पंपाच्या खोलीच्या दारात उभी होते, त्याला जेवायला बोलवायला गेले होते. मला अभिमान वाटला, दादा. वाटलं, बापाचा शब्द राखतो आहे.

फूलसिंहनं बोटं ठेचली जाताना नावं घेतली, त्यात शुभंकरचं घेतलं नाही. पण काल हॉस्पिटलात भेटायला आलेल्या भावाला त्यानं सांगितलं. भाऊ प्रहरीत आहे.

आज दुपारी ढालचा मॅनेजर आला. मी पाणी विचारलं, तो प्यायला, पाय पुसून बसला. म्हणाला, "मॅडम, हमने हिसाब लगाया। एक घर के लिए प्रहरी से लड़ेंगे तो दस लड़के हमारे जाएँगे। आपका कवर आज शाम से बंद।"

जयंत म्हणाला, "करार में ऐसा नहीं लिखा."

"साहब, आप पंच हो। प्रहरी के ख़िलाफ़ केस डाल दो। आपके सामने ही आएगा।"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच दुसरा मार्ग माहीत नव्हता.

जयंतनं दोन्ही बाजूंना निरोप पाठवला की माझ्याच मुलाचं प्रकरण, मी पंच राहू शकत नाही, दुसरा नेमा. दोन्ही बाजूंचं उत्तर एकच. दुसरा कुणी नाही.

विनू


२३ मे

दादा,

हे पत्र प्रणिता फोटो काढून गंधारला पाठवेल. पोस्टात टाकायला मला बाहेर पडता येत नाही. आमच्या नावाला गेट उघडत नाही. ॲप शुभंकरचं, त्यातून आमचंच घर काढून टाकलं आहे. नळाला पाणी नाही.

कोण, कुठे, केव्हा, कशानं. रडणं नंतर, असं तू तक्रारदारांना सांगायचास. तसंच लिहिते.

काल संध्याकाळी हेमराज आणि प्रहरीची चार माणसं आमच्या घरी आली. चपला बाहेर काढल्या. शुभंकरला दोघांनी भिंतीशी धरलं. हेमराज जेवणाच्या टेबलाशी बसला, खिशातून जयंतची तालिका काढली.

"पंचजी, इसमें माँ की क़ीमत लिखी है। वो मैंने छोड़ दी। हाथ भी लिखा है। जिस हाथ ने पानी बंद किया, वो दे दो।"

"तालिकेत हात पैशात आहे," जयंत म्हणाला. मराठीतच म्हणाला. मग हिंदीत, "हाथ के बदले पैसा है, हेमराजजी। पैसे के बदले हाथ नहीं।"

"आपने बाएँ से लिखा। मैं दाएँ से पढ़ रहा हूँ।"

जयंतनं तालिका पुढे ओढून पुन्हा वाचली. क्लेमचा कागद वाचायचा तशी. मग त्यानं शर्टाची बाही वर केली आणि उजवा हात टेबलावर ठेवला. "हुकूम माझा होता. पाना धरला त्यानं, धरायला लावला मी."

हेमराजनं मला विचारलं, "भाभीजी, अंदर जाओगी?" मी गेले नाही. फूलसिंहच्या वेळचाच पाना होता. पहिल्या घावाला टेबलाची काच फुटली, दुसऱ्याला मनगट. तिसरा पंजावर. मी जयंतचं डोकं पोटाशी धरलं होतं. त्यानं माझ्या साडीला दात लावले, ती फाटली आहे. शुभंकर भिंतीशी ओरडत होता, मेरा लो, मेरा लो. एकानं त्याच्या तोंडात पायपुसणं कोंबलं.

मग हेमराज उठला. खुर्ची त्यानं जागेवर सरकवली, हेही लिहिते, कारण तू म्हणायचास दिसेल ते सगळं लिहा. म्हणाला, "यह पंच का हुआ। लड़के का बारहवीं के दिन, रिश्तेदारों के सामने।" बारावा दिवस सोमवारी, सव्वीस तारखेला आहे.

११२ ला मी तीनदा फोन केला. दोनदा गाडी गेटपर्यंत आली. गेटवर सांगितलं, शेजाऱ्यांचा वाद आहे, पंचांनी मिटवला. गाडी परत गेली. वादासाठी ते आत येत नाहीत. मृत्यूसाठी त्यांना यावं लागेल. म्हणून माझी तक्रार जयंतच्या हाताची नाही. ती तू नंतर लिही. माझी तक्रार अशी आहे:

मरुगंध सिटीत पंधरा मे रोजी सकाळी हेमराज यांची आई पाण्यावाचून वारली. तिच्या घराचा वॉल्व्ह सहा मे रोजी शुभंकर जयंत पानसे, वय सत्तावीस, यानं स्वतःच्या हातानं बंद केला. हुकूम जयंत पानसे यांचा. पंपाची खोली गेटच्या आत डावीकडे आहे, आणि जुन्या गावाचा हद्दीचा दगड तिच्या मागे आहे, म्हणजे ती पुढच्या बाजूच्या, पहिल्या ठाण्याच्या हद्दीत येते. मी पाहिलं. मी त्याची आई आहे.

त्याला अटक करायला लाव, दादा. तुझा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्यामार्फत, नसेल तर कुणाच्याही पाया पडून.

हे लिहिताना शुभंकर शेजारी बसला आहे. त्याला वाचून दाखवलं. तो मग म्हणाला, "आई, पुण्यात मामांनी मला कोठडीच्या खिडकीतून बाहेरचा रस्ता दाखवला होता. ज्याला मी मारलं, त्याचे भाऊ रॉड घेऊन उभे होते. दोन दिवस उभे होते. मामा म्हणाले, ते दमून घरी गेले की तू जा."

मी विचारलं, हे मला का नाही सांगितलंस?

"तू मामांना शिव्या देत होतीस. मला बरं वाटत होतं."

जयंतला ताप आहे. प्रणितानं फळीला हात बांधला आहे. तिच्या घराचा करार ढालशी अजून आहे, आमच्याकडे आल्याबद्दल तोही जाईल. पाण्याची कळशी तीच देऊन गेली. दारात म्हणाली, "काकू, तेव्हा दोन बाटल्या नेऊ या म्हणालात ना."

विनू


३१ मे

दादा,

तुझं पत्र मिळालं. "तक्रार मिळाली. पुढे पाठवली. मोरेश्वर." सहा वर्षांनी चार शब्द, आणि पोस्टात टाकलंस, जसं काही मला पोच हवी होती. हवी होती.

ज्या माणसाला तू फोन केलास, त्यानं तुझ्याबरोबर कधीतरी एक फरारी आरोपी जयपूरहून पुण्यापर्यंत नेला होता म्हणे. पंचवीस तारखेला दुपारी दोन्ही ठाण्यांच्या जीप एकदमच आल्या. गेटवर पहिली दहा मिनिटं त्यांचंच आपसात चाललं होतं की कुणी आत जायचं. मग पहिल्या ठाण्याच्या इन्स्पेक्टर बाईंनी कंटाळून जीप आडव्या दांड्यावर घातली. दांडा मोडला.

प्रहरीच्या लोकांनी दगड मारले, ढालच्याही मारले. त्या दिवशी दोन्ही एजन्सी पहिल्यांदाच एका बाजूला होत्या. एका हवालदाराची भुवई फुटली. मग लाठ्या चालल्या, आणि त्या काही तालिका बघून चालल्या नाहीत. ढालचा मॅनेजर आमच्या जिन्यात रक्त ओकत पडला होता. सहा दिवसांपूर्वी माझ्याकडून पाणी प्यायलेला माणूस. यावेळी द्यायला माझ्याकडे पाणी नव्हतं.

हेमराजला आईच्या फोटोसमोरून नेलं. दुसऱ्या दिवशीच्या बाराव्याच्या स्वयंपाकाची भांडी अंगणात येऊन पडली होती. आमच्या दारावरून जाताना त्यानं शुभंकरकडे पाहिलं. दोघांच्याही हातात बेड्या होत्या.

शुभंकरला नेताना पुढच्या बाजूचे लोक गॅलऱ्यांत उभे होते, ज्यांच्या गाड्यांवर त्यानं गेटचे स्टिकर लावले ते सगळे. एक वीट आली, त्याच्या खांद्याला लागली. कुठल्या बाजूनं ते कळलं नाही.

ठाण्यात इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं, "वॉल्व्ह किसने बंद किया?" वकील मला आधीच म्हणाला होता, पाहिलं नाही म्हणा, फूलसिंहनं केला असेल म्हणा, त्याला आता हात नाहीत, तो काय सिद्ध करणार. शुभंकर जमिनीकडे बघत होता. मी सांगितलं. सगळं, फूलसिंहनं नाही म्हटलं होतं तेही. सही केली. त्यांनी नातं विचारलं, ते मी लिहिलं.

मग मी म्हटलं, अजून एक लिहून घ्या. भंगारवाल्याचं. बाईंनी नाव विचारलं. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, पुढचे दात नसलेला, एका डोळ्यानं आंधळा, चौमूंच्या बाजारात कुणीतरी ओळखेल. त्यांनी लिहून घेतलं. शोधतील की नाही, तू सांग.

जयंतवर दोन ऑपरेशनं झाली. बोटं मिटणार नाहीत. त्याच्यावरही गुन्हा आहे, पलंगाशी हवालदार बसलेला असतो. जयंत त्याला म्हणतो, "तुम बैठे हो तो नींद आती है।" फूलसिंह त्याच वॉर्डात आहे. पहिल्या दिवशी जयंत त्याच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. हात जोडायचे तर दोघांनाही येत नव्हते.

रोज दुपारी मी ठाण्यात डबा घेऊन जाते. कोठडीच्या खिडकीतून रस्ता दिसतो. काल तिथे हेमराजच्या गावची माणसं उभी होती, पांढऱ्या पागोट्यातली, शांत. शुभंकर मला म्हणाला, "आई, पाहिलंस?" मी म्हटलं, पाहिलं. हवालदारानं डबा तपासला, आत दिला आणि दाराचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

बाहेर वकील थांबला होता. कागद तयार आहेत, उद्याच जामिनाला टाकू, चार-पाच दिवसांत घरी येईल, असं म्हणाला.

मी म्हटलं, घाई करू नका.

तुझी
विनू